सराफ्यातला रस्ता : सायकल, मोटार आणि आपण

गेल्या श्रावणात जुन्या पाटल्यांची दुरुस्ती करून घेण्यासाठी आम्ही सराफ्यात गेलो होतो. दुपारचे बारा वाजले असतील. दोन्ही बाजूंना पेढ्यांचे ओटे, ओट्यांपुढे दुचाकी वाहनांची दुहेरी रांग, आणि मध्ये उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून स्कूटर, मोटारसायकली, हातगाड्या आणि पायी चालणाऱ्या स्त्रिया कशाबशा वाट काढीत होत्या. त्यातच एक मोठी मोटार शिरली. तिच्या पुढे एक तरुण कारागीर सायकलीवर होता. दागिने घडवण्याच्या कामासाठी बंगालमधून येथे येऊन राहिलेली जी अनेक मुले आहेत, त्यांपैकी तो एक असावा. सायकलीची मूठ मोटारीच्या आरशास घासली आणि वाद सुरू झाला. मोटारीतील गृहस्थांनी हिंदीत जो प्रश्न विचारला त्याचा अर्थ असा, की भर बाजारात सायकल घेऊन यायचेच कशाला? मुलगा एवढेच म्हणाला, की माझे काम येथेच आहे. लोकांनी मध्ये पडून वाद मिटवला, मोटार पुढे गेली आणि आम्हीही पेढीत शिरलो.

प्रसंग क्षुल्लक होता, पण तो प्रश्न मनातून जाईना. सायकलीने जागा अडवली, आणि तिच्या कितीतरी पट जागा व्यापणाऱ्या मोटारीने मात्र ती अडवली नाही, असे त्या गृहस्थांना मनापासून वाटत होते. ते दुष्ट नव्हते. आपल्यापैकी अनेकांना, खुद्द आम्हांलाही, आयुष्याच्या एका टप्प्यावर अगदी असेच वाटत आले आहे. हे वाटणे कोठून आले आणि त्याचा इतिहास काय, याचा मागोवा घेण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम रस्त्याकडे पाहू. १८१८ च्या मंदसौर तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली. राजवाड्याच्या आसपास सराफ, कापडवाले, भांडीवाले यांच्या पेठा दाटल्या. आपली कुटुंबे येथे आली ती याच राज्याच्या आश्रयाने. कोणाचे पूर्वज लष्करात, कोणाचे दप्तरात, तर कोणाचे देवस्थानाच्या सेवेत. आडा बाजार, पंढरीनाथ, जुनी इंदूर, रामबाग या वस्त्यांतील आपल्या वाड्यांपुढच्या गल्ल्या पालखी, घोडा आणि बैलगाडी यांच्या मापाने आखलेल्या होत्या. त्या काळी रस्त्यावरील सर्वांत वेगवान प्राणी घोडा, आणि बाजारपेठेत तोही चालीवरच येई. सर्वांचा वेग जवळपास सारखा असल्याने रस्ता कोणाचा हा प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. मान होता, पण तो स्वाराच्या दर्जाचा. वाहनाच्या वेगाला स्वतंत्र मान नव्हता.

वेगास मान मिळण्याचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला, आणि तोही सहजासहजी आला नाही. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने यांत्रिक गाडीपुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवणे बंधनकारक केले होते, आणि शहरात ताशी दोन मैलांपेक्षा अधिक वेगाने जाण्यास मनाई होती. ही बंधने १८९६ मध्ये सैल झाली. तेव्हा रस्त्यावर नवे वाहन म्हणून मिरवत होती ती सायकल. १८८५ मधील स्टार्ले यांची दोन सारख्या चाकांची ‘रोव्हर’ आणि १८८८ मधील डनलॉप यांची हवेची धाव, या दोन गोष्टींनी सायकल सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. अमेरिकेत १८८० साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघटनेने चांगल्या रस्त्यांची चळवळ उभी केली. मोटारीच्या कल्पनेतही नसलेले पक्के रस्ते सायकलस्वारांनी मागून घेतले, आणि पुढे त्याच रस्त्यांवर त्यांना कडेला सरकावे लागले.

आपल्याकडे सायकल आली ती साहेबाबरोबर, आणि पहिल्या पिढीत ती वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशा प्रतिष्ठितांचे वाहन होती. विलायती सायकल बाळगणे ही मिरवण्याची गोष्ट होती. १९२३ मध्ये मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलीवरून जगप्रवासास निघाले आणि त्यांपैकी तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. यावरून त्या वाहनाभोवती त्या काळी केवढे तेज होते, याची कल्पना यावी. मोटार तर राजेरजवाड्यांपुरतीच होती. आपले महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या ड्यूसेनबर्ग, बेंटली, बुगाटी या गाड्यांची नावे जगभरचे संग्राहक अजूनही आदराने घेतात. शहरात मोजक्या मोटारी, काही शे सायकली आणि बाकी टांगे नि बैलगाड्या, असा तो संसार होता. मोटार दिसली की लोक बाजूस होत. पण ती दिसण्याचे प्रसंगच थोडे.

याच काळात आपल्या शहरास एक असा माणूस लाभला, की ज्याचे म्हणणे आपण पुरते ऐकले असते तर बरे झाले असते. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना तुकोजीराव महाराजांच्या (तिसरे) दरबाराने पाचारण केले. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी जी आगळी मिरवणूक काढली तिची कथा जुन्या घरांतून सांगितली जाई. मिरवणूक कोणत्या मार्गाने जाणार हे स्वच्छतेवर ठरेल, असे जाहीर झाल्याने मोहल्ल्या-मोहल्ल्यांत झाडलोट व रंगरंगोटीची चढाओढ लागली. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ते कापून काढण्यास त्यांचा विरोध होता. चतुर वैद्य जसा अंग न कापता गळू तेवढे काढतो, तसे अडथळा होणारे एखादे पडके बांधकाम काढावे, कोपऱ्यावर छोटा चौक मोकळा करावा, झाड लावावे आणि मोहल्ल्याचा जीव राखावा, ही त्यांची रीत. रुंदीकरण हाच एकमेव उपाय मानणाऱ्या आजच्या काळात ही रीत मुद्दाम आठवावीशी वाटते.

स्वातंत्र्यानंतर सायकलीचे खरे युग आले. १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियान्यास हीरो, असे कारखाने निघाले आणि विलायती सायकलीची जागा देशी सायकलीने घेतली. वकील-डॉक्टरांचे वाहन कारकुनाचे, शिक्षकाचे आणि गिरणीकामगाराचे झाले. इंदूर ही तर गिरण्यांची नगरी. होळकर सरकारची स्टेट मिल, मालवा मिल, १९१५ च्या सुमाराची हुकूमचंद मिल, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, भंडारी; या गिरण्यांचा भोंगा झाला, की पाळी सुटलेल्या कामगारांच्या सायकलींनी रस्ते भरून जात. आम्ही लहान असताना पंढरीनाथाच्या उतारावरून तो लोंढा पाहत असू. मागच्या कॅरियरला डबा, दांडीला अडकवलेली पिशवी, आणि तिन्हीसांज झाली असेल तर डायनॅमोचा तो मंद, चालीबरोबर कमी-अधिक होणारा उजेड.

आमच्या वडिलांची सायकल काळी, उंच आणि चेनकव्हराची होती. ते कचेरीत जाताना धोतराचा सोगा चिमट्यात अडकवीत. आम्ही सायकल शिकलो ती भाड्याच्या छोट्या सायकलीवर; आणि ती न मिळाल्यास वडिलांच्याच सायकलीच्या दांडीखालून पाय घालून, इंदुरात ज्यास ‘कैंची’ म्हणतात त्या पद्धतीने. तासाचे वीस-पंचवीस पैसे असत, आणि तास संपण्यापूर्वी सायकल परत नेण्यासाठी जी धावपळ होई, तेवढी घाई पुढे तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत कधी केल्याचे स्मरत नाही.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या काळीही सायकलस्वार काही साधुसंत नव्हते. बिनदिव्याने जाणे, डबलसीट बसवणे, घंटी न वाजवता वळणे हे सर्व चाले. अनेक शहरांत सायकलीवर नगरपालिकेचा कर असे, तो भरल्याचा बिल्ला लावावा लागे, आणि दिवा नसल्यास पोलीस अडवीत. सायकल हे कायद्याने दखल घेण्याजोगे वाहन होते. पुढे कर गेले, बिल्ले गेले, आणि त्यांबरोबर शासनाच्या कागदावरून सायकलही गेली. मोटर वाहन अधिनियमाची (१९१४, १९३९ व १९८८) व्याख्या यंत्राने चालणाऱ्या वाहनांपुरती आहे. सायकलीस नोंदणी नाही, परवाना नाही, क्रमांक नाही. यात सोय आहे, तसा तोटाही आहे. ज्या वस्तूची नोंद नाही तिची गणती होत नाही, आणि जिची गणती नाही तिच्यासाठी तरतूद होत नाही, हा सरकारी कचेरीतला न लिहिलेला नियम आम्ही जवळून पाहिला आहे.

सत्तरीच्या दशकात चित्र पालटू लागले. १९७२ मध्ये बजाजची ‘चेतक’ आली आणि त्याच वर्षी पुण्याच्या कायनेटिकची ‘लूना’. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, आणि लग्नाच्या बोलणीत स्कूटरच्या नंबराचाही उल्लेख होई. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती रस्त्यावर आली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास आपल्या शेजारच्या पीथमपुरातच ‘कायनेटिक होंडा’ तयार होऊ लागली. बटण दाबताच सुरू होणारी, गियर नसलेली ही गाडी आपल्या घरांतील मुली-सुनांनी पहिल्यांदा चालवली. त्या गाडीने त्यांना जे स्वातंत्र्य दिले ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मोटारगाड्यांविरुद्ध बोलताना हा लाभ विसरून चालणार नाही.

दुसऱ्या बाजूने गिरण्या बंद पडत गेल्या. हुकूमचंद मिल १९९१ च्या अखेरीस बंद झाली. तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्याचा निकाल लागून रक्कम वाटपास निघाली ती २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे बत्तीस वर्षांनी. ज्यांच्या सायकलींनी रस्ते भरत, त्या माणसांचे काम सुटले, तशा सायकलीही गेल्या. शहर सुदामानगर, राजेंद्रनगर, विजयनगर असे चहूकडे पसरले आणि घर व काम यांतले अंतर पायडलाच्या आवाक्याबाहेर गेले. तेव्हा स्कूटर आली म्हणून सायकल हरली, एवढाच या कथेचा अर्थ नाही. शहराचे पोट आणि शहराचा पसारा, दोन्ही बदलले.

जनगणनेचे आकडे या दृष्टीने उद्बोधक आहेत. २००१ मध्ये देशातील ४३.७ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, २०११ मध्ये ४४.८ टक्के कुटुंबांकडे. म्हणजे एकूण प्रमाण किंचित वाढलेच. पण शहरांत ते ४६ टक्क्यांवरून ४१.९ पर्यंत घसरले आणि खेड्यांत ४२.८ वरून ४६.२ पर्यंत चढले. त्याच दहा वर्षांत शहरांतील स्कूटर-मोटारसायकलवाली कुटुंबे २४.७ टक्क्यांवरून ३५.२ टक्क्यांवर गेली. असे असूनही २०११ मध्ये मोटार मात्र देशातील अवघ्या ४.७ टक्के कुटुंबांकडे होती. सायकल शहरातून नाहीशी झालेली नाही. ती आपल्या डोळ्यांसमोरून नाहीशी झाली आहे. पहाटे वर्तमानपत्र टाकणारा, दूध घालणारा, रात्री पहाऱ्यावर जाणारा आणि सराफ्यातला कारागीर अजून तिच्यावरच आहे. आपण झोपेत असतो किंवा घरात असतो, तेव्हा तो रस्त्यावर असतो.

आता तक्रारी पाहू. दोन्ही बाजूंच्या पाहणे हेच न्यायाचे. मोटारवाल्यांचे म्हणणे असे, की सायकलस्वार उलट दिशेने येतात, दिवा लावत नाहीत, हात न दाखवता वळतात आणि अपघात झाला की जमाव त्यांचीच बाजू घेतो. हे बहुतांशी खरे आहे. सायकलस्वाराचे म्हणणे असे, की मोटारवाला अंगावरून गाडी नेतो, मागून कर्णा वाजवून घाबरवतो, आणि थांबलेल्या गाडीचे दार मागे न पाहता उघडतो. हेही खरे आहे. परंतु दोन्ही चुका सारख्या मापाच्या नव्हेत. उलट दिशेने येणाऱ्याचाच विचार करा. रस्त्याच्या मध्यभागी दुभाजक घातला आणि एक किलोमीटरचा वळसा पडला, तर मोटारीस तो थोड्या पेट्रोलचा पडतो. ताशी बारा किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वारास तो पाच मिनिटांच्या घामाचा पडतो, आणि हा घाम दररोज दोनदा गाळायचा असतो. आखणी करणाऱ्याने त्याच्या पायांचा विचार केला नाही, म्हणून त्याने नियमाचा विचार केला नाही. हे समर्थन नव्हे. पण कारण आहे.

शाळेत शिकलेल्या पदार्थविज्ञानाचाही येथे उपयोग होतो. सायकलीसह ८० किलो वजनाचा स्वार ताशी १५ किलोमीटरने जात असेल आणि १००० किलोची मोटार ताशी ४० ने, तर मोटारीतील आघाताची शक्ती सायकलीच्या सुमारे ९० पट भरते. सायकलस्वाराने चूक केली तर मोटारीस ओरखडा पडतो. मोटारवाल्याने तीच चूक केली तर एका घरचा कर्ता जातो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पादचारी आणि ७४,८९७ दुचाकी मोटारवाहनांवरचे होते. पोलादी कवचात न बसलेल्यांच्याच वाट्यास रस्त्याचे मरण अधिक येते, हे या आकड्यांवरून दिसते. म्हणूनच ज्याच्या हाती अधिक शक्ती त्याच्यावर अधिक जबाबदारी, हा आपल्या धर्मनीतीतला जुना विचार रस्त्यासही लागू व्हावा.

सायकलीस वेगळी वाट द्यावी, म्हणजे भांडण मिटेल, असे पुष्कळांना वाटते. या उपायाचाही इतिहास आहे. लंडनजवळ वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवर १९३४ मध्ये सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग बांधला, तेव्हा त्यास सर्वांत मोठा विरोध सायकलस्वारांच्या संघटनेनेच केला. वेगळी वाट ही देणगी म्हणून येते आणि मुख्य रस्त्यावरून हकालपट्टी ठरते, अशी त्यांना भीती होती. याउलट नेदरलँड्समध्ये १९७३ च्या सुमारास मोटारींखाली होणाऱ्या बालमृत्यूंनी व्यथित झालेल्या आईबापांनी आंदोलन उभारले. त्याच वर्षी तेलाची टंचाई आली, रविवारी मोटारी बंद राहिल्या, आणि मोकळ्या रस्त्यांवर मुले खेळू शकतात हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. तेथे पुढे जे सायकलमार्ग झाले ते अखंड, रुंद व चौकातही सुरक्षित असे झाले. आज त्या देशाचे जे कौतुक होते, तो त्यांच्या रक्तातला गुण नव्हे. पन्नास वर्षांच्या आग्रहाचे ते फळ आहे.

आपल्या शहरातील अनुभव दोहोंहून निराळा आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसे हा रस्त्याच्या वाटपाचा आधार मानला. त्या विचाराने आग्रा-मुंबई रस्त्यावर सुमारे साडेअकरा किलोमीटरची द्रुत बसमार्गिका झाली आणि १० मे २०१३ पासून तीवर बस धावू लागली. आराखड्यात कडेने सायकलींसाठी पट्टा होता. तो पट्टा कोठे उभ्या गाड्यांनी भरला, कोठे ठेल्यांनी, कोठे चौक येताच अदृश्य झाला. सायकलस्वार त्याचा उपयोग करीत नाहीत, असे म्हटले जाई, आणि उभ्या मोटारींतून तो उपयोग करणार तरी कसा, हे कोणी विचारीत नसे. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने ही बसमार्गिका काढून टाकण्यास परवानगी दिली. मार्गिका असावी की नसावी, याविषयी मतभेद असू शकतात. पण त्या साऱ्या वादात बस आणि मोटार यांचेच नाव येत राहिले, सायकलीचे आले नाही, याची खंत वाटते.

दुसऱ्यांस दोष देताना स्वतःचा हिशेब चुकवणे बरे नव्हे. १९९८ साली आम्ही मोटार घेतली. त्यानंतर वर्षभरातच खजुरी बाजारात गाडी थांबवून आम्ही मागे न पाहता दार उघडले आणि एक मध्यमवयीन सायकलस्वार त्यावर आदळून पडला. त्याच्या कोपरास लागले, दुधाची बरणी सांडली. आमच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते, ‘दिसत नाही का?’ हेच. ज्याने वीस वर्षे सायकल चालवली, त्याच्या तोंडून! तो गृहस्थ काही न बोलता बरणी उचलून निघून गेला. दुधाचे पैसे देण्याचे आमच्या लक्षात आले, तोवर तो दिसेनासा झाला होता.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. नोकरीत असताना एका जिल्ह्याच्या गावी बाजारपेठेतील वाहनतळाविषयी बैठक होती. तेथील जुना सायकलतळ काढून ती जागा मोटारींना द्यावी, असा प्रस्ताव होता. टिपणी आमच्या हातची होती, आणि तीत ‘सायकलींची संख्या नगण्य असल्याने’ असे वाक्य होते. गणना केली होती ती दुपारी एक वाजता. बाजारात काम करणारी माणसे सकाळी येऊन रात्री जातात, काहींच्या सायकली मागच्या बोळात लावलेल्या असतात, हे आम्हांस ठाऊक असूनही सुचले नाही. प्रस्ताव मंजूर झाला. पुढे त्या गावी गेलो असता जुने सायकलस्वार दुकानांच्या खांबांना सायकली साखळीने बांधताना दिसले, आणि त्याबद्दल त्यांना दंड होत असल्याचेही कळले. नियम मोडण्यास त्यांना भाग पाडणारे वाक्य आमचेच होते. सेवेतील अनेक चुका विस्मरणात गेल्या. ही गेली नाही.

यातून एक गोष्ट ध्यानात आली. सायकलस्वार आणि मोटारवाला या दोन वेगळ्या जमाती असल्यासारखे आपण बोलतो. वस्तुतः एकच माणूस बालपणी पादचारी, तरुणपणी सायकलस्वार, संसारात स्कूटरवाला, सुस्थितीत मोटारवाला आणि उतारवयात पुन्हा पादचारी होतो. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून आम्ही स्वतः राजवाड्यापुढचा रस्ता ओलांडताना कोणाचा तरी हात शोधतो. प्रत्येक पायरीवर आपण मागची पायरी विसरतो, हेच या भांडणाचे मूळ आहे.

काय करता येईल? कायद्यात जागा आहे. मोटर वाहन अधिनियमाच्या २०१९ मधील दुरुस्तीने बिनयांत्रिक वाहने व पादचारी यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्य शासनांना दिला आहे. सराफ्यापुरते बोलायचे, तर दुकाने उघडी असताना चारचाकी वाहनांस आत प्रवेश नसावा; आजारी व वृद्धांची सोय अर्थातच वगळून. राजवाड्याच्या बाजूस कारागिरांसाठी छप्पर असलेला, रात्री उशिरापर्यंत उघडा राहणारा सायकलतळ असावा. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली राहतात. आणि जी गणना करायची ती सकाळी नऊ व रात्री नऊ वाजता व्हावी. यासाठी एकही वाडा पाडावा लागणार नाही. गेडिस यांची रीत ती हीच.

सवयी बदलत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच शहराकडे पाहावे. ओला कचरा व सुका कचरा वेगळा करणे हे इंदूरकरांच्या पचनी पडणार नाही, असे सुरुवातीस अनेक जाणते म्हणत असत. त्यांत आम्हीही होतो. २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला क्रमांक या शहराने वर्षानुवर्षे राखला. १९१७ च्या त्या दिवाळीनंतर बरोबर शंभर वर्षांनी हे घडले. कचऱ्याच्या बाबतीत जे जमले, ते दार उघडण्यापूर्वी मागे पाहण्याच्या बाबतीत जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

आणि नमुना शोधण्यास नेदरलँड्सला जाण्याचीही गरज नाही. रात्री नऊच्या पुढे पेढ्यांची दारे लागतात, ओट्यांवर गराडू तळले जाऊ लागतात, भुट्ट्याच्या किसाचा वास दरवळतो, आणि दुपारी ज्या रस्त्यावर पाऊल ठेवण्यास जागा नसते त्याच रस्त्यावर शेकडो माणसे सहकुटुंब उभी राहून जिलबी खातात. त्या वेळी मोटारवाल्यास मोटार बाहेर लावून पायी यावे लागते आणि त्याबद्दल त्याची तक्रार नसते. पाटल्या परत आणण्यासाठी आम्ही मुद्दाम संध्याकाळी उशिरा गेलो होतो. परतताना तो दुपारचा कारागीर दिसला. सायकल हाती धरून गर्दीतून तो चालत होता, आणि लोक बोलता बोलता, त्याच्याकडे न पाहताही, त्यास वाट देत होते.